उजवीकडून बोगस

"गेम झक्कास आहे, पण उजवीकडून बोगस आहे."

हे म्हणण्याआधी भाऊ दोन्ही हात पँटला पुसत, डबा बाजूला सारत आणि अंगठा असा वर करत, जणू गेम बनवणारा साहेब समोरच मान खाली घालून उभा आहे. छत्तीसगढातल्या हथखोजच्या आमच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत कोणी राजकारण बोले, कोणी बायकोची गाऱ्हाणी सांगे. भाऊ गेम बोलत. छप्पन वर्षांचा माणूस, डोक्यावर टक्कल, पांढरी मिशी, आणि रविवारी सकाळी आंघोळ करून टीव्हीपुढे बसायचा तो थेट मुडद्यांना गोळ्या घालायला. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच, भजनाच्या वयात भलत्याच नादाला लागलेला.

भाऊ आमच्या शेडमधली क्रेन चालवत. छताखाली, लोखंडी शिडी चढून गेलं की काचेची केबिन. तिथून ते पाच-पाच टनांच्या पोलादी प्लेटा उचलून इकडून तिकडे नेत. मी खलासी. खाली उभा राहून प्लेटेला हूक लावायचा, शिटी मारायची, हातानं इशारे द्यायचे. म्हणजे वर ते, खाली मी आणि मधे पाच टन. अशा नात्यात माणसं एकमेकांपासून काही लपवत नाहीत, असं मला तेव्हा वाटायचं.

आम्ही दोघंही भंडाऱ्याकडचे. बाकी शेड हिंदी आणि छत्तीसगढीत बोले, आमचं दोघांचं मराठी चाले. राहायलाही दोघं जामुललाच; तिथून मीच त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून आणायचो. स्वतः गाडी चालवणं त्यांनी सोडलं होतं. "वर बसणारा माणूस खाली चालवत नसते बे," हे त्यांचं कारण. मीही मान डोलवायचो. वडीलधाऱ्यांशी कोण वाद घालतो?

गेमचं मशीन त्यांनी सुपेल्याच्या बाजारातून जुनं घेतलं होतं, सोबत पिशवीभर डिस्का. दर आठवड्याला एक गेम आणि सोमवारी त्याचा निकाल. गाड्यांच्या शर्यतीचा गेम झाला तेव्हा म्हणाले, "गाडी एक नंबर. रोड एक नंबर. पण उजवीकडचे खांब अचानक उगवते. आता नव्हता, आता उभा! ठेकेदार पक्का चोर असन."

एका गेममधला हिरो तिसऱ्या मजल्यावरून उडी मारायचा. भाऊंनी तो गेम पंधरा मिनिटांत बंद केला. "पट्टा कुठी आहे त्याचा? हेल्मेट नाही, बूट नाही. आपल्या गेटवरूनच वापस पाठवला असता भैताडाले."

क्रेनचाही एक गेम मिळाला. आम्हाला वाटलं, आता तरी स्वारी खूश होईल. कसलं काय! तो तर त्यांनी शिव्या घालायलाच ठेवला. "हूक झुलतच नाही बे! झुलत नाही तं ते क्रेन कायची? कपडे वाळवाची दोरी आहे ते."

मुडद्यांच्या गेमवर मात्र जीव. "मेलेले लोक चालून राहिले, हे मले मान्य आहे. आपला हजेरीबाबू नाही का चालत? पण उजवीकडून येणारा मुडदा आधी दिसतच नाही. डायरेक्ट गळ्याले लागते. हे काय खेळणं झालं?"

आमचा वेल्डर साहू हे सगळं ऐकून पोट धरून हसायचा. "भाऊ, जम्मो गेम के जेवनी हाथ टूटे हे का?" सगळ्याच गेमांचा उजवा हात मोडलाय का, असं तो विचारे. आम्ही हसायचो. सगळ्यात मोठ्यानं भाऊच हसायचे.

त्यांना रिटायर व्हायला दोन वर्षं होती. क्रेनवाल्यांचे डोळे दरवर्षी तपासतात. नापास झाला की क्रेन गेली, मग खाली येऊन स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजत बसा. भाऊ दरवर्षी तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचून यायचे आणि येताना आमच्यासाठी समोसे आणायचे. "मले उतरवाचं असन तं रिटायर करा. तोवर कोणाच्या बापाच्यानं नाही उतरत मी," असं म्हणायचे. बाकी सगळं गमतीत बोलणारा माणूस हे मात्र गमतीत बोलत नसे. केबिन गेली तर आपण कोण, हे त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

एका रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं. खोली एवढी अरुंद की गुडघे टीव्हीला टेकतील. वहिनींनी चहा आणला आणि भाऊंच्या डाव्या हातात दिला. "उजवीकडं ठेवला का सांडवते हा माणूस. तीन कप फोडले," त्या म्हणाल्या.

"घे, खेळ," भाऊ मला म्हणाले. "पाह्य तुले बी उजवीकडूनच मारते का नाही."

मला काही येत नव्हतं. तरी उजव्या दारातून एक मुडदा लंगडत येताना मला चांगला दिसला. मी बटण दाबलं, तो पडला.

"कोणाले मारलं बे?"

"उजवीकडून आला ना एक."

"कोणी नाही आला."

तेवढ्यात दुसरा आला. लाल शर्ट, एक हात लोंबता. मी गेम थांबवला. टीव्हीच्या उजव्या अंगाला तो ठाम उभा.

"भाऊ, आता तिथं कोणी आहे?"

"कोणी नाही. नुसता रोड आहे." मग त्यांनी मान उजवीकडे वळवली आणि मांडीवर थाप मारली. "हा पाह्य! हा आता उगवला. पाहिलं ना? बोगस!"

एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी नाही हसलो. चहा तसाच टाकून मी निघालो.

पुढे मी काय केलं म्हणाल? काही नाही केलं. खोटं कशाला सांगू. पाच दिवस तोंड शिवून बसलो. इशारे देताना आपण त्यांच्या डाव्या हाताला उभं राहायचं, दुसऱ्यांनाही तिकडेच ओढायचं, एवढीच अक्कल लढवली. डोळ्यांत पास आहेत ना, मग आपण कोण डॉक्टर? दोनच वर्षं तर राहिलीत. त्यांच्यामागे साहेबाकडे जाऊन चुगली करायची का? मी स्वतःला मोठा शहाणा समजत होतो. शहाणा कसला, महाभैताड.

शुक्रवारी प्लेट उजवीकडे निघाली आणि तिच्या वाटेत साहू उकिडवा बसून वेल्डिंग करत होता. तोंडावर मुखवटा, समोर ठिणग्या, पाठ प्लेटेकडे. मी जीव खाऊन शिटी मारली. थांबण्याची शिटी कोणीही मारो, क्रेन थांबलीच पाहिजे. भाऊंनी थांबवली. प्लेटेची कड साहूच्या पाठीपासून वीतभर लांब होती. "का होगे?" काय झालं, असं मुखवटा वर करून त्यानं विचारलं. मी त्याला खेचून भिंतीशी नेलं, सगळ्यांना बाजूला केलं आणि शिडी चढलो.

पुढचं आधीच सांगून मोकळा होतो. काचबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. समोरचं साफ, कडेचं गेलेलं, उजवीकडचं जास्त. गेलेलं परत येणार नाही, आहे ते औषधानं टिकेल, असं डॉक्टर म्हणाले. भाऊ चार महिने स्टोअरमध्ये बसले आणि मग वहिनींना घेऊन गावी गेले. जेवणाच्या सुट्टीत आता गेमचं कोणी बोलत नाही. मला करमत नाही, सरळ सांगतो. पण त्या शुक्रवारी केबिनमध्ये जे झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

"काऊन थांबवलं बे?"

"साहू होता तिथं."

"कुठी?"

"उजवीकडं."

"नव्हता. मी पाहिलं." मग माझ्याकडे बघून एकदम ओरडले, "मेडिकल पास आहो मी! तुले बसाचं आहे का इथं? क्रेन पाहिजे तुले?"

ते मला फार लागलं. पण आता मागे फिरायचं नव्हतं. "तक्ता समोर असते भाऊ. साहू बाजूले होता. त्या लाल शर्टवाल्यासारखा." मी त्यांच्या उजव्या कानाजवळ हात धरला. "बोटं किती आहेत?"

"कोणती बोटं?"

म्हणाले आणि हळूहळू मान वळवली. माझा हात दिसला. बराच वेळ त्या हाताकडेच पाहत राहिले.

"साहूले लागलं?"

"नाही."

"किती राहिलं होतं?"

"वीतभर."

तापलेल्या तव्यावरून काढावेत तसे त्यांनी हँडलवरून हात काढले. मग रडले. मीही रडलो. मला रविवारीच सांगायला हवं होतं, हे मी त्यांना तेव्हाच सांगितलं. ते बाहीनं डोळे पुसून म्हणाले, "दुसऱ्या ड्रायव्हरले बोलाव."

"तो दोनले येते. प्लेट लटकून राहिली आहे, भाऊ. तुमीच उतरवा. उजवीकडचं मी सांगतो."

त्यांनी हँडल धरलं. मी त्यांच्या खांद्याशी उभा राहिलो. "थोडं पुढं. अजून. बस. आता खाली."  हूक झुलायला लागला की त्यांचे हात आपोआप सावरत होते. खालच्या लाकडी ठोकळ्यांवर प्लेट अशी टेकली की आवाजही झाला नाही.

"बसली?"

"बसली."

"उजवीकडून?"

"उजवीकडून बी बसली."

नुसती मान वळवली असती तर त्यांना दिसलं असतं. त्यांनी वळवली नाही. माझ्या शब्दावर हँडल सोडलं आणि उठले.