गाडी आधी चाकांवर उभी राहू द्या!

विनायकराव खांबेटे यांच्याशी माझी पहिली ओळख भांडणातून झाली. त्यांच्या अमृतमहोत्सवी अंकात मी आनंदाने जाहीर करतो, की ते भांडण मी साफ हरलो!

माझी पत्नी माधवी रोज तासभर गाडीने जाऊन चाकसू गावच्या शाळेत गणित शिकवते. तिच्या मणक्याचे ऑपरेशन झाले, तेव्हा डॉक्टरांनी नोकरीला परवानगी दिली, पण गाडीचे धक्के बसता कामा नयेत, या अटीवर. आणि आमच्या गाडीचे रबरी बुश नेमके पुन्हा फाटले! बुश म्हणजे चाकाचा दांडा गाडीला जोडला जातो तिथली उशी. तीच गेली, की खड्डा थेट पाठीत. माधवीने राजीनाम्याची भाषा सुरू केली होती.

शहरातल्या सी-स्कीम भागातला सुट्या भागांचा दुकानदार म्हणाला, "पॉलीयुरेथेन डलवा लो सर, फिर देखना ही नहीं." रबराऐवजी हे कडक, सहसा न फाटणारे प्लास्टिक मला पटले. खात्री करायला म्हणून मी बनी पार्क वस्तीत विनायकरावांकडे गेलो. रेल्वेच्या डबा कारखान्यातून ते अभियंता म्हणून निवृत्त झालेले, आणि या हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी मंडळातल्या साऱ्यांच्या गाड्या अंगणात हौसेने तपासणारे. त्यांच्यापुढे मी रबराविरुद्ध भाषणच ठोकले. रबर म्हणजे तडजोड, रबर म्हणजे लाचारी!

"भाषण झकास," विनायकराव म्हणाले. "गाडीत बसणार कोण?"

"माधवी."

"मग तुमचा हा सगळा ठामपणा तिच्या मणक्यात जाणार. पॉली टिकतं, खरंय. पण ते धक्का गिळत नाही, पुढे पाठवतं."

"आणि रबर फाटतं त्याचं काय?"

ते गाडीखाली शिरले आणि तिथूनच ओरडले, "मागच्या वेळी बोल्ट आवळले तेव्हा गाडी जॅकवर होती ना?"

"अर्थात! मी समोर उभा होतो."

"मग रबराला कशाला शिव्या देता? चाकं हवेत लोंबत असताना आवळलं, की गाडी खाली येताच ते पिळलं जातं. जन्मभर पिळून ठेवायचं आणि वर म्हणायचं, फाटलं!"

अहो, मी उडालोच! माणसांच्या पिळवणुकीविरुद्ध अर्धे आयुष्य मी व्यासपीठावरून जे ओरडत होतो, ते हा माणूस गाडीखाली झोपून सांगत होता!

त्यांनी नवे रबरी बुश बसवले, गाडी चाकांवर उतरवली आणि मगच बोल्ट शेवटचे आवळले. मग माधवीला मागे बसवून स्वतः चाकसूपर्यंत गाडी नेली. परत आल्यावर ती एवढेच म्हणाली, "काका, सोमवारपासून जाते मी शाळेत."

विनायकराव रबराचे भक्त आहेत, असे मात्र कोणी समजू नये. शेजारच्या जीपवाल्याला वाळूत शर्यती मारायच्या होत्या. त्याला त्यांनीच पॉली बसवायला लावले. बुश गाडी बघून नव्हे, माणूस बघून निवडायचा, हा त्यांचा आग्रह.

माणसांनाही ते याच न्यायाने वागवतात. मंडळाच्या नाटकात एक मुलगी दर वाक्यात "मतलब" घालायची. "हिला काढा, मराठी सुधारली की घेऊ," असे आम्ही बैठकीत ठरवत होतो. विनायकराव कडाडले, "आधी तिला स्टेजवर उभी राहू द्या! आवळायचं ते मग आवळू." ती उभी राहिली. यंदाच्या सत्कार समारंभाचे निवेदन तीच करणार आहे, आणि त्यात दोन-चार "मतलब" आले, तर मी सर्वांत मोठ्याने टाळ्या वाजवणार आहे!

विनायकराव, तुमची प्रकृती ठणठणीत राहो, गुडघे कुरकुरू नयेत, आणि शंभरीतही तुम्हाला गाडीखाली शिरता येवो. ही इच्छा निःस्वार्थी नाही. चाकसूची मुले उद्याही वर्गात बसून आपल्या बाईंची वाट पाहणार आहेत.