अर्धा गोटा

आमच्या तेलगावचा कटिंगवाला माणसं तोंडावरून ओळखत नाही, डोक्यावरून ओळखतो. समोरून गेलो तर नजर कोरी. पाठ फिरली की हाक आलीच! कुणाला दोन भोवरे, कुणाला लहानपणी पडलेली खोक, सगळं त्याला तोंडपाठ.

त्या साली दुष्काळ होता. ऊसच नव्हता, म्हणून सहकारी कारखाना बंद आणि तिथला कारकून, म्हणजे मी, घरी. डोकं धुवायला पाणी पुरेना, तेव्हा गावात जो तो गोटा करून घेत होता. मीही बसलो. अर्धं डोकं झालं आणि वस्तरा थांबला.

"ही गाठ दिवाळीला हरभऱ्याएवढी होती. आता बोराएवढी हाय. डाक्टरला दाखवा."

"चरबीची आसंल. बघू पुढच्या महिन्यात. तू गोटा पुरा कर."

"न्हाई करत!" त्यानं वस्तरा मिटून खिशात घातला. "पुरा केला तर तुमी जायचेच न्हाईत."

दुसरी दोन दुकानं त्याच्याच भावांची! डोक्याला रुमाल बांधला आणि तणतणत बीडची एसटी धरली.

डॉक्टरांनी गाठ काढून तपासायला पाठवली. रिपोर्ट वाचून म्हणाले, "अशी गाठ क्वचितच दिसते. अजून कॅन्सर नाही, पण राहिली असती तर होऊ शकला असता."

टाके निघाल्यावर रिपोर्ट नाचवतच दुकानात शिरलो. त्यानं कागदाकडं पाहिलंसुद्धा नाही. माझा रुमाल सोडला, व्रणाभोवती अंगठा फिरवला, दोनदा दाबून पाहिलं. मग खुर्ची झटकली.

"बसा. अर्धं राहिलंय."