पोत्याखालचा पाय

दुकानात कुणी येताना दिसलं की आमचे सुतार आप्पा हातातला रंधा थांबवत, शेजारचं पोतं पायांवर ओढून घेत आणि मग म्हणत, "या, बसा. पाय पसरून बसा की, लाजायचं काय हाय त्यात?" येणारा ऐसपैस बसे. आप्पा मात्र नव्या सुनेसारखे पाय झाकून.

कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं. "थंडी बाधती पायास्नी." बेळगावात थंडी पडते हे खरं, पण भर चैत्रात? आम्ही वडगावचे विणकर गालात हसायचो आणि गप्प बसायचो. त्यांना दुखवून चालणार नव्हतं. मागावरच्या ताण्यात घालायच्या पातळ पट्ट्या त्यांच्याइतक्या गुळगुळीत शेजारच्या शहापुरातही कुणी करत नसे, आणि पट्टीला एवढंसं कुसळ राहिलं की रेशीम अडकलंच म्हणून समजा.

सुतारांना काम करताना तुम्ही पाहिलं असेलच. जमिनीवर बसायचं, लाकडाचं टोक पायाच्या अंगठ्याला टेकवायचं आणि रंधा मारायचा. आप्पांची रीत वेगळी. त्यांच्या कामाच्या फळीला टोकाशी बांबूची चपटी कामटी आडवी ठोकलेली असे, खिळ्यांची डोकी आत बुडवलेली. पट्टी त्या कामटीला अडवायची. पट्टी जितकी पातळ, त्याहून कामटी पातळ; अशा कितीतरी कामट्या त्यांनी घरीच घासून ठेवल्या होत्या. रंधा वरून सुळकन निघून जाई. मी एकदा कौतुक केलं तर खाली बघत म्हणाले, "सोडा वो अण्णा. खऱ्या सुताराचं काम न्हवं हे." मला तो विनय वाटला.

मग त्यांच्या मुलीला निपाणीचं स्थळ आलं. मुलाचे वडीलही सुतार. शेजारी म्हणून मलाही बोलावलं होतं. पोहे झाले, मुलगी पसंत पडली, पण गल्लीतलं कुणीतरी पाहुण्यांच्या कानाला लागून आलं होतं की बापाच्या पायाला महारोग आहे, म्हणून तो पाय झाकून बसतो. मुलाचे वडील जरा चाचरतच म्हणाले, "पावणं, राग मानू नका. पण पाय बघू द्या."

आप्पांचा चेहरा उतरला. आतल्या दाराशी मुलगी उभी होती. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पोतं बाजूला केलं. उजव्या पायाला अंगठा नव्हता.

"रोग न्हाय," आप्पा म्हणाले. "वाकस निसटला. माझ्याच हातातला."

तुम्हाआम्हाला वाटेल, सुटला बिचारा. रोगापेक्षा अपघात बरा. पण लाकूड तासायच्या आपल्याच वाकसाने आपला अंगठा तोडणारा सुतार, हे त्यांनी इतकी वर्षं झाकून ठेवलं होतं, आणि आता ते सांगावं लागलं ते दुसऱ्या सुताराला. त्यांची मान वर होईना. तिथे बसल्याची मलाच लाज वाटू लागली.

लग्न ठरलं. मांडवात एका वाह्यात वऱ्हाड्याने हाक मारली, "सासऱ्याच्या हातात वाकस देऊ नका रं." लोक हसले. आप्पा पंगतीतून अर्धपोटी उठले, ते पुन्हा मुलीच्या घरी म्हणून गेले नाहीत. ती सणासुदीला बोलावणं धाडायची. हे उलट निरोप द्यायचे, थंडी बाधती म्हणून.

पुढे मी लुगडी घेऊन निपाणीच्या बाजाराला गेलो, तेव्हा मुद्दाम व्याह्यांच्या दुकानात डोकावलो. व्याही पातळ फळी रंधत बसले होते, आणि फळीच्या पुढे तशीच बांबूची कामटी.

"सूनबाईनं शिकवलं," ते म्हणाले. "पातळ काम करताना अंगठ्याची सालं निघायची माझी. आता न्हाय. त्यास्नी म्हणावं, एकदा या. मला अजून लई विचारायचंय."

मोटारीतून उतरलो तो थेट आप्पांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्यांचं अंगठं हायत न्हवं?"

"व्हय की. दोन्ही हायत."

"मग थट्टाच ती," आप्पा म्हणाले आणि पायांवरचं पोतं सारखं केलं. मी परोपरीने समजावलं. त्यांना काही पटलं नाही.

ते गेले तेव्हा व्याही पहिल्या मोटारीने आले. तिरडी बांधून झाली. आपल्यात जाणाऱ्याच्या पायांचे अंगठे एकत्र बांधतात. सुतळी घेतलेला माणूस पायांशी वाकला आणि तसाच थांबला. सगळे तिकडे बघू लागले.

व्याही पुढे झाले. त्यांनी सुतळी घेतली, घोट्यांना बांधली. मग कोपऱ्यातलं पोतं आणून दोन्ही पायांवर नीट पसरलं.

"थंडी बाधती त्यांच्या पायास्नी," ते म्हणाले.