मतदानाचं स्टिकर

मत देऊन निघताना केंद्रावरच्या बाईंनी आज हातात ‘मी मत दिलं’ असं स्टिकर ठेवलं आणि पिस्कॅटवेच्या विद्यापीठातली आमची लॅब आठवली. तेव्हा इराकचं युद्ध चालू होतं. अध्यक्षाच्या निवडणुकीला सगळे मत द्यायला गेलेले. मागे उरलो मी आणि अमेरिकन सामोआ बेटावरची माझी लॅबमेट. “मी स्टुडंट व्हिसावर, पण तू का नाही गेलीस?” मी विचारलं. ट्यूनाचा डबा उघडत ती म्हणाली, “बेट अमेरिकेचं, पण आम्ही नागरिक नाही, म्हणून मत नाही. तिथं एकतर कारखान्यात हे डबे भरायचे, नाहीतर फौजेत जायचं. आई डबे भरते, भाऊ फौजेत गेला.” “सध्या पोस्टिंग कुठे?” “घरासमोर,” ती म्हणाली. “आमच्याकडे आपल्या माणसाला अंगणातच पुरतात.” माशाचा वास मला सहन होत नाही, तरी खिडकी उघडायला मी उठले नाही. आता मी इथली नागरिक आहे. ऑफिसात सगळ्यांच्या छातीवर स्टिकर आहे. माझं पर्समध्येच राहिलं.