मंगळासाठी धुतलेली माती

मंगळावर यान उतरून दोनेक वर्षं झाली होती. आम्ही भारतातून इस्रायलला आलेलो; तेल अविवजवळच्या एका प्रयोगशाळेत मी तेव्हा माती धुण्याचं काम करत होते. आमच्या मुख्य संशोधकांचं म्हणणं असं, की यानाने पाठवलेले आकडे चिकणमातीशी जुळतात, आणि अशी माती पाणी बराच काळ साचून राहिल्याशिवाय तयार होत नाही. म्हणून आम्ही इथली चिकणमाती लोहक्षारात भिजवून मंगळासारखी करायचो. मग तो क्षार निघेपर्यंत ती धुवायची. पाणी घाला, ढवळा, यंत्रात फिरवा, वरचं पाणी ओता, पुन्हा पाणी घाला. शेवटच्या पाण्यात चाचणीचे थेंब टाकायचे. क्षारातलं क्लोरीन उरलं असेल तर पाणी पांढुरकं होतं; तसं झालं नाही, तरच थांबायचं. संध्याकाळी घरी, लोदला जाणाऱ्या बसमध्ये बसले की हात खांद्यापासून गळून गेलेले असायचे.

बाबा कारखान्यातून निवृत्त होऊन घरीच असत. एकदा म्हणाले, “माती धुवायला एवढं शिकवलं होय गो तुला?” मी मंगळ, पाणी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि डोळे मिटले. दम्याने तेही थकले होते.

एका दुपारी त्यांना दवाखान्यात न्यायचं होतं. बस चुकू नये म्हणून मी शेवटची चाचणी केलीच नाही. माती तशीच वाळत ठेवली.

पुढच्या आठवड्यात संशोधक स्वतः माझ्या टेबलापाशी आले. यानाला मंगळाच्या मातीत क्लोरीन सापडलं होतं, ते आमच्याही मातीत निघालं होतं. ही माती क्लोरीन धरून ठेवते, म्हणाले. त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. मला ती न केलेली चाचणी आठवली, पण मी पुढचं भांडं ढवळत राहिले. दोन दिवसांनी ते लेख लिहायला बसल्याचं कळलं, तेव्हा मी त्यांच्या खोलीत जाऊन माझ्या मोडक्या हिब्रूत म्हणाले, “ते क्लोरीन मातीचं नाही. माझं धुणं अर्धवट राहिलं.” कारणही सांगितलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घालून उभी. त्यांनी एवढंच विचारलं, की वडील आता कसे आहेत.

मी सगळी माती पहिल्यापासून धुतली. आठवडा गेला. आता तिच्यात क्लोरीन सापडलं नाही. त्यांनी लेखातली ती पानं काढून टाकली. बाकीचा लेख पुढे छापून आला. मला वाटलं होतं, सुटल्यासारखं वाटेल. पण त्या दिवशी घरी येऊन चपलाही न काढता मी खाटेवर आडवी झाले. बाबांनी उठून चहा टाकला.