हनुवटी
तंबाखूचा उग्र वास आला की मला निपाणीतली एक दुपार आठवते. ऐंशीच्या दशकात, बेळगावात पंधरा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन, न बोलणाऱ्या लहान मुलांच्या आयांना घरी जाऊन शिकवायचं काम मी करायची. ऑटिझम हा शब्द तेव्हा आम्हाला कुणी सांगितला नव्हता. विड्या वळणाऱ्या एका बाईची चार वर्षांची मुलगी भिंतीकडे तोंड करून विडीची पानं ओळीत मांडत होती. मला शिकवलं होतं तसं मी तिची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं आणि आईला म्हणाले, "आधी असं बघायला लावायचं, मगच बोलायचं." मुलगी किंचाळली, माझ्या मनगटाला चावली, तरी मी सोडेना. शेवटी आईनंच माझा हात बाजूला केला. "बाई, असं नगा करू. बघत न्हाय, पर ऐकतिया ती." मग लेकीशेजारी भिंतीकडेच तोंड करून ती बसली आणि हळूच म्हणाली, "पाणी पायजे गं?" मुलीनं न बघताच हात पुढं केला. मी मात्र वहीत 'आई सहकार्य करत नाही' असा शेरा लिहिला. त्यावरून ते घर भेटींच्या यादीतून काढलं गेलं आणि मी गप्प राहिले. आज या कामात नव्यानं येणाऱ्या बायकांना मी त्या आईनं केलं तेच शिकवते. कुणाकडून शिकले, ते अजून सांगितलेलं नाही.