भावोजींची दिवसपाळी

परदेशातला संसार म्हणजे नुसती मजा, असं ज्यांना वाटतं त्यांना मी दोन दिवस माझ्या ताईच्या घरी राहायला पाठवीन. भावोजी बेकरीत रात्रपाळीला. सकाळी सहाला ते घरी येतात तेव्हा ताईचा एक पाय दाराबाहेर असतो, कारण सातच्या आत वृद्धाश्रमात पोचून तिला म्हाताऱ्यांच्या अंघोळी सुरू करायच्या असतात. दुपारी ती परतते तेव्हा भावोजी जाड पडद्यांआड झोपलेले. संध्याकाळी उठतात, घाईघाईने जेवतात, की निघाले. वीस मिनिटं काय ती एकत्र मिळतात. सुट्ट्यासुद्धा वेगळ्या, त्यांची मंगळवारी आणि हिची रविवारी. बारा वर्षं हे असं चाललंय. मी दोन गल्ल्या सोडून राहते, त्यामुळे सगळं डोळ्यांनी पाहिलंय.

या बारा वर्षांत ताईची पार मांजर झाली. दार लावते तर कडी वाजत नाही, शिटी नको म्हणून कुकर माळ्यावर टाकलाय, फोनवर माझ्याशीही कुजबुजते. एकदा मी तिच्या स्वयंपाकघरात शिंकले, तर तिने असे डोळे वटारले की दुसरी शिंक मी गिळली.

यंदा बेकरीच्या मालकाने भावोजींना दिवसपाळी देऊ केली. सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं. मला वाटलं, ताई हरखून जाईल. तिने विषयच बदलला. खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "रोज संध्याकाळपासून आम्ही दोघं समोरासमोर. बोलणार काय गं? मला हे माणूस म्हणून नीट माहीतच नाहीत." मी हसण्यावारी नेलं, पण ती खरंच घाबरली होती.

म्हणून मीच त्यांना तीन दिवसांच्या सहलीची तिकिटं काढून दिली. लग्नानंतरची पहिली सहल. एकत्र राहून बघा आणि मग काय ते ठरवा, म्हटलं. पुढचं सगळं ताईने परतल्यावर सांगितलं.

पहिला दिवस वाईट गेला. किल्ल्याच्या पायऱ्यांवर बसून भावोजी भर उन्हात डुलक्या काढत होते. ताई एकटीच बुरूज पाहून आली. जेवताना वाणसामान, गळका नळ आणि माझी तब्येत, एवढे विषय वीस मिनिटांत संपले. मग दोघं मेनूकार्ड वाचत बसली. ताईने मनातल्या मनात नकार पक्का केला.

दुसऱ्या दिवशी तळ्यात बोटीची फेरी होती. भावोजी खिडकीशी डोळे मिटून बसले. गाइडने माइक हातात घेऊन माहिती सांगायला सुरुवात केली, आणि ताई अगदी घरातल्यासारखी चवड्यांवर चालत त्याच्याजवळ गेली, ओठांवर बोट ठेवलं आणि खुणेने म्हणाली, हळू, तिकडे माणूस झोपलाय. चाळीस प्रवासी तीच माहिती ऐकायला बोटीत चढले होते. एकच हशा पिकला. ताई कानकोंडी होऊन जागेवर आली, तर भावोजीही हसत होते, डोळे मिटूनच.

"जागे आहात?" तिने विचारलं.

"मी बरेचदा जागाच असतो," ते म्हणाले. "घरीसुद्धा. दुपारी तू येतेस ते कळतं मला. खुर्चीत बसतेस, पाय वर घेतेस. मी उठलो तर तू लगेच चहा ठेवायला धावशील, म्हणून पडून राहतो."

ताईला आधी रागच आला. बारा वर्षं ती श्वास रोखून वावरली, तीही जाग्या माणसासाठी! मग डोळे भरून आले. आपण किती दमतो हे घरात कुणाच्या लक्षात येत असेल, असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

त्या भरात तिने मनातली भीती बोलून टाकली. दिवसपाळी घेतली आणि आपलं जमलंच नाही तर?

"तीच भीती मलाही आहे," ते म्हणाले. "तीन वर्षांपूर्वीही मालकाने विचारलं होतं. मी नाही म्हटलं. तुला सांगितलं नाही."

बोट धक्क्याला लागली, माणसं उतरायला लागली. ही दोघं तशीच बसून.

"या वेळी हो म्हणा," शेवटी ती म्हणाली. "नाही जमलं तर निदान भांडू तरी. आपल्याला भांडायलासुद्धा कधी वेळ मिळालाय?"